घराशेजारी डेटा सेंटर येतंय, कंपनीकडे मागायचं काय?

खाडीकाठचा (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, प्रश्न खरा आहे आणि हाताशी सहाच दिवस आहेत.

आमची सोसायटी ऐरोलीत, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला. रस्त्यापलीकडे एमआयडीसीत एक जुना कारखाना पाडला, आता तिथे डेटा सेंटर, म्हणजे हजारो संगणकांचं कोठार, उभं राहतंय. खिडक्या नसलेली भली मोठी पेटी, मागे जनरेटरची रांग. या भागातल्या लोकांना हे दृश्य नवीन नाही.

फेडरेशनला निरोप आलाय की कंपनीला 'आजूबाजूच्या लोकांसाठी काहीतरी करायचं आहे', तुमच्या मागण्यांची यादी द्या. आज बैठक झाली. यादी अशी: बागेत सहा बाकडी, ओपन जिम, गणपतीच्या मंडपाचा खर्च, आणि एका काकांच्या आग्रहास्तव फुकट वायफाय. मी म्हटलं, गावाएवढी वीज ओढणारी इमारत दाराशी येतेय आणि आपण बाकडी मागतोय! त्यावर सेक्रेटरी म्हणाले, "मग तुम्हीच सांगा काय मागायचं." तिथे माझी बोलती बंद झाली.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशी इमारत कमी विजेत, कमी पाण्यात चालवता येते का? आणि शेजाऱ्यांना तिचा खराखुरा उपयोग होईल असं जगात कुठे झालंय का? शनिवारी कंपनीची माणसं येणार आहेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पोटोबा | रविवार, ९:५२

बाकडी घ्या. बाकड्यावर निदान बसता येतं, 'शाश्वत विकास' कुणाला बसायला मिळालाय?

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

गणिती_गण्या | रविवार, १०:१५

'गावाएवढी वीज' म्हणजे किती, ते आधी मोजू.

१ मेगावॉट भार वर्षभर अखंड चालला तर ८७ लाख ६० हजार युनिट, म्हणजे महिन्याला ७ लाख ३० हजार. मध्यमवर्गीय घर महिन्याला १५० युनिट वापरतं असं धरलं तर एका मेगावॉटमध्ये ४,८०० हून जास्त घरं येतात. आणि आजकालची डेटा सेंटरं एका मेगावॉटची नसतात, दहा-वीस-पन्नासच्या भाषेत बोलतात. तेव्हा गाव कसलं, तालुका म्हणा.

पण यातली सगळी वीज काही संगणक खात नाहीत. गार करायला, यूपीएसमध्ये, दिव्यांना जी जाते ती वरची. एकूण वीज भागिले संगणकांची वीज म्हणजे पीयूई. १ आला तर आदर्श, जो कधीच येत नाही. मोठ्या अमेरिकन कंपन्या आपल्या सगळ्या सेंटरांची सरासरी १.१ च्या आसपास सांगतात. आता १० मेगावॉट संगणक असलेल्या इमारतीत हा आकडा १.६ ऐवजी १.३ आणला तर ३ मेगावॉट वाचले, वर्षाला २ कोटी ६० लाख युनिट. हा फरक फक्त इमारत कशी बांधली आणि कशी चालवली एवढ्यावर पडतो.

चिलरवाला | रविवार, ११:३८

रात्रपाळीत आहे, चिलरच्या, म्हणजे इमारत गार ठेवणाऱ्या यंत्राच्या, कृपेने जरा वेळ मिळालाय. आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला, आता नऊ वर्षं डेटा सेंटरमध्येच. गण्याभाऊंचं गणित बरोबर आहे, पण पीयूई हा आकडा लग्नाच्या बायोडेटातल्या उंचीसारखा असतो. कुठे मोजला हे विचारावं लागतं.

माहितीपत्रकात छापलेला असतो तो 'डिझाइन पीयूई'. इमारत पूर्ण भरली, हवा मनासारखी असली तर येईल असा. प्रत्यक्षात पहिली दोन-तीन वर्षं सर्व्हरचे निम्मे हॉल रिकामे असतात. चिलर, पंप, यूपीएस मात्र पूर्ण इमारतीच्या मापाचे बसवलेले, ते अर्ध्या भारावर धापा टाकत चालतात. तेव्हा शनिवारी एकच विचारा: वर्षभर मीटरवर मोजलेला पीयूई किती, आणि दरवर्षी सांगणार का?

दुसरं, विजेची खरी उधळपट्टी कुठे होते सांगतो. सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंश चालते, ही अ‍ॅश्रे या अमेरिकन संस्थेची शिफारस आहे आणि सगळा धंदा ती मानतो. तरी आमच्याकडे हॉल २१-२२ वर. का, तर करारात तसं लिहिलंय. ग्राहकाचे साहेब पाहणीला येतात, आत शिरल्यावर हुडहुडी भरली की खूश होऊन परत जातात. हॉल म्हणजे त्यांना बर्फाची फॅक्टरी वाटते. एक अंश वर नेला की चिलरची वीज दोन-तीन टक्के तरी उतरते, हे मी स्वतः पॅनेलवर बघितलंय. पण एकदा आम्ही दोन अंश वाढवले तर तासाभरात ग्राहकाचा मेल. परत खाली आणले.

तिसरं तर फुकटातलं. सर्व्हर ठेवायच्या रॅकमधल्या रिकाम्या खणांना प्लास्टिकच्या झाकणपट्ट्या लावायच्या असतात, नाहीतर मागची गरम हवा पुढे येते आणि आपण गरम हवाच परत गार करत बसतो. पट्टी अगदी किरकोळ किमतीची. स्टोअरमध्ये खोके भरून पडल्यात, लावायला सवड नाही कुणाला.

कांदेपोहे | रविवार, ११:५५

चिलरवाले, 'बायोडेटातली उंची' साठी दंडवत.

हेलसिंकीची_सून | सोमवार, पहाटे २:०५

खाडीकाठचा, 'जगात कुठे झालंय का' याचं उत्तर माझ्या अंगणात आहे. फिनलंडमध्ये हामिना नावाचं गाव आहे. तिथली कागद गिरणी बंद पडली आणि गूगलने २००९ मध्ये ती विकत घेतली. गिरणीसाठी खडकातून समुद्राचं पाणी आणणारा बोगदा आधीचाच होता, त्याच पाण्यावर डेटा सेंटर गार ठेवतात. पुढे २०२४ मध्ये जाहीर झालं की बाहेर पडणारी उष्णता गावाच्या सामायिक तापन-जाळ्यात फुकट देणार आणि तिथली ८० टक्के गरज त्यातून भागणार. डेन्मार्कच्या ओडेन्समध्ये फेसबुकवाल्यांचं सेंटर असंच घरं तापवतं, सुरुवातीचा अंदाजच ६,९०० घरांचा होता.

आमच्याकडे घराघरात बॉयलर नसतो. रस्त्याखालून गरम पाण्याच्या नळ्या येतात, भिंतीवरच्या रेडिएटरमध्ये शिरतात. ते जाळं पन्नास-साठ वर्षांपूर्वीच घातलेलं आहे, म्हणून डेटा सेंटरला फक्त त्यात नळी जोडायची असते. तरी थेट नाही जमत. बाहेर पडणारी उष्णता कोमट, तीसेक अंशाची. हीट पंपाने ती ७०-७५ पर्यंत चढवावी लागते आणि त्याला वेगळी वीज लागते.

कांदेपोहे | सोमवार, सकाळी ८:२०

सूनबाई, वाचून गार वाटलं. पण मे महिन्यात ऐरोलीत कुणी "घ्या, फुकट उष्णता" म्हणत दारात आलं तर लोक त्याला बाकड्याला बांधतील.

एक सुचवतो. चिलरच्या गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड. एमआयडीसी गृहउद्योग. (कृपया हलकेच घ्या.)

उत्तनची_पोर | सोमवार, ९:०५

कांदेपोहे, हसू नका. माझं माहेर उत्तनचं. बोंबील वलांडीवर (बांबूच्या मांडवावर) वाळत घातलेले असतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी आला की दोन दिवसांत सगळा माल कुजतो. खत म्हणून विकावा लागतो. आईला मी रडताना पाहिलंय. वाळवायला ४०-४५ अंशाची कोरडी वाहती हवा पुरते, आणि गरम हवा तर ही माणसं चोवीस तास आकाशात फेकतात. मग ड्रायर का नाही?

ऐरोली-दिव्यातल्या कोळ्यांना किती उपयोग ते माहीत नाही, खाडीत आता मासळी उरलीय किती. पण ससून डॉक किंवा उत्तनच्या जवळ असं सेंटर आलं तर मी हेच मागेन.

चिलरवाला | सोमवार, दुपारी १:३०

ताई, कल्पना चुकीची नाही, पण एक अडचण आहे. आमच्या गच्चीवरून जी हवा जाते ती बाहेरच्यापेक्षा दहा-बाराच अंश गरम, आणि पावसाळी दिवसात दमटच. थोडी आणखी तापवावी लागेल. आता एआयच्या सर्व्हरना थेट चिपपर्यंत पाणी नेऊन गार करतात, त्यातून परत येणारं पाणी ४५-५० अंशापर्यंत मिळू शकतं. त्याला खरी किंमत आहे. हॉस्पिटलची लाँड्री, हॉटेलचं गरम पाणी, डेअरीत दूध तापवायच्या आधीचा टप्पा. मात्र घेणारा भिंतीला भिंत लागून हवा. गरम पाणी दोन किलोमीटर नेलं की नळीचा खर्च उष्णतेपेक्षा जास्त.

इंग्लंडात एक्समथला उलट केलंय. वॉशिंग मशीनएवढं डेटा सेंटरच पोहण्याच्या तलावाच्या आवारात नेऊन ठेवलं २०२३ मध्ये, त्याच्यावर तलावाचं पाणी तापतं.

शंकासुर | सोमवार, २:१५

मला या धाग्याचा सूरच कळत नाही. यूपीआय हवं, ओटीटी हवं, नातवाचे फोटो क्लाउडवर हवेत, फक्त क्लाउड दुसऱ्याच्या दाराशी उतरावा. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितलं की पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवा, तेव्हा आपणच टाळ्या वाजवल्या. मग ती साठवणार कुठे? समुद्राखालच्या केबल मुंबईत येतात, वीज बऱ्यापैकी भरवशाची आहे, म्हणून नवी मुंबई. आणि पाडला तो कारखाना काय अत्तर गाळत होता? त्यापेक्षा खिडक्या नसलेली पेटी बरी.

प्रकल्पग्रस्त_तिसरी_पिढी | सोमवार, ४:४०

शंकासुर, अत्तराचं सोडा. माझ्या आज्याची भातशेती आणि मिठागर गेलं या नवी मुंबईत. ९५ गावांची जमीन गेली. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड परत मिळावा म्हणून १९८४ साली जासईला गोळ्या खाल्ल्या लोकांनी. बदल्यात काय सांगितलं होतं, तर कारखान्यात नोकऱ्या. मिळाल्या पण काहींना. माझे काका ३१ वर्षं एकाच कंपनीत होते, रिटायर झाले तेव्हा घड्याळ मिळालं.

त्या कारखान्यात चारशे माणसं होती. डेटा सेंटरमध्ये किती लागतात? गेटवरचे सिक्युरिटी आणि झाडूपोछा, तेही ठेकेदाराकडून, हे मला दिसतं. आत बाकी कोण असतं ते मला दिसत नाही, कारण आत सोडत नाहीत. म्हणून तुमची बाकडी आणि पीयूई दोन्ही राहू द्या, पहिलं वाक्य नोकऱ्यांचं लिहा.

चिलरवाला | सोमवार, रात्री ११:१०

दादा, बरोबर बोललात. आमच्याकडे सगळ्या पाळ्या मिळून आत-बाहेर दीडशे माणसं असतील, त्यातली शंभर ठेक्यावर. पण एक आहे, आतली जी कामं आहेत त्यांना इंजिनियरच हवा असं नाही. चिलर, डीजी (डिझेल जनरेटर), इलेक्ट्रिकल पॅनेल, बीएमएसचा (सगळ्या यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीचा) पडदा बघणं, हे आयटीआयवाला करतो, मी करतोय. अडतं कुठे? अनुभव नाही म्हणून घेत नाहीत, घेत नाहीत म्हणून अनुभव नाही.

नुसतं 'स्थानिकांना प्राधान्य' लिहून घेऊ नका, ते वाक्य भिंतीवरच राहतं. अ‍ॅप्रेंटिस मागा, दरवर्षी आकड्यात. एक वर्ष आत काढलं की पोरगा बाजूच्या कुठल्याही सेंटरला जाऊ शकतो. ऐरोली ते महापे पट्ट्यात सेंटरं काही कमी नाहीत.

डब्लिनकर | मंगळवार, पहाटे १:२०

आयर्लंडचा धडा ऐका. २०२३ मध्ये देशातली मीटरवर मोजलेली २१ टक्के वीज डेटा सेंटरांनी खाल्ली, शहरांतल्या सगळ्या घरांनी मिळून १८. डब्लिन भागात नवीन जोडण्या जवळजवळ थांबवाव्या लागल्या. आमच्याकडे टाला या उपनगरात अ‍ॅमेझॉनच्या सेंटरची उष्णता २०२३ पासून काउन्सिलची इमारत आणि विद्यापीठाचा परिसर तापवते. चांगलंच आहे. पण लोक तेवढ्याच फोटोवर खूश होतात आणि २१ टक्क्यांचं कुणी विचारत नाही.

हा आकडा आम्हाला कळला तो सरकारी सांख्यिकी कार्यालय दरवर्षी छापतं म्हणून. उलट उदाहरण अमेरिकेतलं: ऑरेगनमधल्या द डॅल्स गावात गूगलच्या सेंटरचं पाणी किती, हे वर्तमानपत्राने विचारलं तर नगरपालिकाच कोर्टात गेली, व्यापारी गुपित म्हणून. २०२२ च्या शेवटी आकडे बाहेर आले, तर गावाच्या पाण्याचा चौथ्या हिश्शाहून जास्त वाटा. आकडे मागून घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

जलतरंग | मंगळवार, सकाळी १०:३०

पाण्यावर इतका वेळ कुणीच कसं बोललं नाही याचं नवल करत होते, डब्लिनकरांनी तोंड उघडलं. मी पाणीपुरवठ्यात नोकरी केली, आता निवृत्त.

१ मेगावॉट उष्णता फक्त पाण्याची वाफ करून घालवायची तर तासाला साधारण दीड हजार लिटर, दिवसाला ३६ हजार. दहा हजारी टँकर धरा, साडेतीन टँकर रोज, एका मेगावॉटला. शिवाय ही वाफ जिथे होते त्या कूलिंग टॉवरमध्ये क्षार साचतात म्हणून काही पाणी सोडून द्यावं लागतं, ते वेगळं. हे ऐकल्यावर कुणीही म्हणेल, पाणी वापरूच नका, हवेवरचे चिलर बसवा. बऱ्याच ठिकाणी तसंच करतात आणि 'आम्ही पाणी वापरत नाही' म्हणून मिरवतात. पण हवेवरचा चिलर वीज जास्त खातो, ती वीज बहुतेक कोळशाची, आणि कोळशाच्या केंद्रालाही पाणी लागतंच, फक्त ते चंद्रपूरला किंवा कोराडीला लागतं. आपल्या नळाला दिसत नाही एवढंच.

मधला रस्ता तुमच्या घराजवळ आहे. ऐरोली आणि कोपरखैरणेला महापालिकेने सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारे प्रत्येकी २० दशलक्ष लिटरचे प्रकल्प उभारलेत, ते पाणी एमआयडीसीतल्या उद्योगांना द्यायचं म्हणूनच. कूलिंग टॉवरला बारवीचं धरणातलं पाणी कशाला? आपल्याच न्हाणीघरातून गेलेलं पाणी शुद्ध होऊन परत यावं. हे मागा. बारवीचं तेवढं पाणी पिण्यासाठी मोकळं होईल.

गणिती_गण्या | मंगळवार, १०:५८

जलतरंगताई, एक भर. मुंबईच्या दमट हवेत पाण्याची वाफ नीट होत नाही, त्यामुळे बाष्पीभवनाचा फायदा पुणे-नागपूरपेक्षा इथे कमी. जूनमध्ये तर नावापुरता. म्हणजे फक्त गार ठेवण्याचा विचार केला तर नवी मुंबई ही चुकीची जागा. केबलमुळे इथे आलेत.

जलतरंग | मंगळवार, ११:२०

कमी, पण शून्य नाही. डिसेंबर ते मार्च बघा की. आणि 'नागपूरला न्या' म्हणाल तर उन्हाळ्यात नागपूरकर तुमच्या घरी मोर्चा आणतील.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, ११:४५

आणूच. आमच्याकडे कोळशाची राख आधीच आहे, आता तुमचे फोटो पण आम्हीच सांभाळायचे का?

कायदेपंडिता | मंगळवार, रात्री ८:००

धागाकर्ते, एक मूलभूत गफलत होतेय. तुम्हाला जे विचारलंय ते बहुधा सीएसआरबद्दल, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चाबद्दल. कायद्यात ते मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के असतं. नवीन कंपनीला नफाच नसेल तर ती रक्कम कोरडी. आणि कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे बाकडी त्यात बसतात. पाणी कुठलं वापरायचं, पीयूई किती, जनरेटर कधी चालवायचे हे बसत नाही. ते परवानगीच्या अटींत आणि प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात येतं. म्हणून दोन कागद करा. बाकड्यांचा एक, अटींचा दुसरा, आणि दुसऱ्याची प्रत महापालिका, एमआयडीसी, प्रदूषण मंडळ तिघांना.

अशा अटी घालता येतात. सिंगापूरने २०१९ ला नवीन सेंटरं थांबवली आणि २०२२ ला परत दार उघडलं ते पीयूई १.३ च्या आत अशी अट घालून. हवा तिथलीही आपल्यासारखीच दमट. जर्मनीने २०२३ च्या कायद्यात जुलै २०२६ पासूनच्या नव्या सेंटरांना १.२ आणि टाकाऊ उष्णतेचा काही भाग वापरण्याची सक्ती केली.

आवाजाचंही लिहा. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. कंपनी म्हणेल आम्ही औद्योगिक भागात. तुम्ही म्हणा, मोजायचं आमच्या खिडकीत.

निद्रानाशी | मंगळवार, ८:२५

जनरेटर! कुणीतरी बोललं. आमच्या मागच्या सेंटरमध्ये चाचणी घेतात. कधी पहाटे पाचला, कधी रविवारी दुपारी जेवून आडवं झाल्यावर. एकामागून एक. सासूबाईंना वाटतं विमान येतंय. आता विमानतळही झाला, त्यामुळे त्या चूक आहेत असं म्हणायची सोय उरली नाही.

शंकासुर | मंगळवार, ९:१०

कायदेपंडितांचा प्रतिसाद पटला. माझा विरोध रडगाण्याला होता, अटींना नाही. अटी सगळ्यांना सारख्या असाव्यात एवढंच, नाहीतर जी सोसायटी जास्त ओरडेल तिला बाग मिळेल आणि झोपडपट्टीकडे धुराडी वळतील.

प्रकल्पग्रस्त_तिसरी_पिढी | मंगळवार, ९:३०

हे मात्र लाखाचं बोललात.

खाडीकाठचा (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०:१५

सर्वांचे आभार. बैठक झाली. जसं झालं तसं लिहितो.

तिघं आले होते. आधी हिरव्या पानांच्या चित्रांचं सादरीकरण. पीयूई विचारला तर झटकन आकडा आला, १.३५. मी चिलरवाल्यांचं स्मरण करून विचारलं, "डिझाइनचा की मोजलेला?" तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातले जे तांत्रिक गृहस्थ होते ते हसले आणि म्हणाले, "डिझाइनचा. तुम्ही या क्षेत्रात आहात का?" मी म्हटलं नाही, मी एलआयसीत होतो.

वर्षाचे वीज-पाण्याचे आकडे जाहीर करायचं 'हेड ऑफिसला विचारून कळवतो'. प्रक्रिया केलेल्या पाण्याबद्दल त्यांना माहिती होती, म्हणाले गुणवत्ता रोज एकसारखी मिळाली तर घ्यायला तयार आहोत. म्हणजे तो चेंडू महापालिकेकडे. कायदेपंडितांनी सांगितल्याप्रमाणे पत्र तयार आहे, सोमवारी देतोय. अ‍ॅप्रेंटिस आम्ही वर्षाला वीस मागितले, त्यांनी आठ म्हटले, दिवागाव आणि रबाळ्याच्या मंडळींशी बसून पुढचं ठरेल. आमच्या सोसायटीने परस्पर आकडा मान्य करू नये असं मी म्हटलं, कारण नोकरी लागणार आहे ती आमच्या पोरांना नाही.

जनरेटरची चाचणी बुधवारी सकाळी अकराला, आधी वेळापत्रक लावून. हे तिथल्या तिथे मान्य झालं.

आणि बाकडीही तिथल्या तिथे मान्य झाली. सहा मागितली होती, ते दहा देतो म्हणाले.

निद्रानाशी | शनिवार, १०:२२

बुधवार अकराचं लेखी घेतलंत ना? आमचंही तोंडीच ठरलं होतं.

चिलरवाला | शनिवार, १०:४०

लेखी घ्या, आणि चाचणी एकेक डीजीची की सगळ्यांची एकदम, तेही लिहून घ्या. पहिल्या बुधवारी मोबाइलवर नाही, खऱ्या मीटरने आवाज मोजा. बसायला बाकडी आहेतच.

कांदेपोहे | शनिवार, १०:४४

आणि माझ्या कुरडयांचं काय झालं?